गावात मोबाईलची रेंजच नाही, मग स्मार्ट मीटरचं रीडिंग जातं कसं? बिल चुकणार नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: औसा तालुक्यातलं गाव, फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं लागतं, आणि आता स्मार्ट मीटर बसवायला माणसं दारात आलीत. रेंज नसताना मीटर आकडा पाठवणार कसा, नाही पोचला तर मनाला येईल ते बिल मारणार का, आणि घरात काय चालू-बंद आहे हे त्यांना तिकडं बसून दिसतं का. मी लातूर-धाराशिव भागातल्या मीटरचा डेटा तपासायचं काम करतो. कुणाची वकिली करायला बसलेलो नाही, स्क्रीनवर रोज जे बघतो ते सांगतो.

रेंज नसल्यानं युनिट चुकत नाहीत. मोजणं आणि पाठवणं ही मीटरच्या आत दोन वेगळी कामं आहेत. पाठवणारा मोडेम उपसून बाजूला ठेवला तरी मीटर मोजतच राहतं. दर अर्ध्या तासाला ते युनिट, व्होल्टेज, करंट यांची एक ओळ वेळेसकट स्वतःच्या मेमरीत लिहितं, म्हणजे दिवसाच्या ४८ ओळी. अशा ३५ दिवसांच्या ओळी त्यात साठून राहतात आणि लाइट गेली तरी पुसल्या जात नाहीत. बिलासाठी तर याहून पक्की सोय आहे. महिन्याच्या १ तारखेला रात्री बारा वाजता मीटर आपला आकडा आपणच नोंदवून ठेवतं. तो रेंज मिळून ४ तारखेला पोचला तरी असतो १ तारखेच्या मध्यरात्रीचाच. रीडिंगवाला कधी येतोय, गेट बंद बघून परत जातोय का, यावर बिलाचे दिवस कमी-जास्त व्हायचे, तो प्रकार इथं उरत नाही.

मीटर महिनाभर गप्पच राहिलं तर माणसानं येऊन रीडिंग घ्यायचं असतं, पडद्यावर बघून किंवा मीटरच्या तोंडावरच्या ऑप्टिकल पोर्टला केबल लावून. तसं न करता सरासरी बिल हातात ठेवलं तर जरूर भांडा. तुमच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. वीज वितरण सुधारायच्या केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस योजनेत हे मीटर बसवणाऱ्या कंपनीला पैसे एकरकमी मिळत नाहीत, दर मीटरमागे दर महिन्याला मिळतात आणि डेटा आला नाही तर त्यातून कापले जातात. त्यामुळे रेंजची डोकेदुखी आधी तिची आहे, तुमची नाही.

आता पाठवण्याकडे येऊ. रस्ते मुख्यतः दोन. एक, मीटरमध्येच सिम. मोबाईलच्याच टॉवरवरून आकडा जातो. दुसरा, रेडिओचं जाळं, ज्याला आमच्यात आरएफ मेश म्हणतात. यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा भारतात विनापरवाना खुला आहे. तुमचं मीटर आपला निरोप शेजारच्या मीटरला देतं, ते त्याच्या पुढच्याला, असं करत तो खांबावरच्या एका पेटीपर्यंत जातो. त्या पेटीला तेवढी रेंज असली की झालं, बाकी गावाला असो-नसो. मधलं एखादं मीटर बंद पडलं तर निरोप दुसरी वाट शोधतो. तिसरी पद्धत विजेच्या तारेतूनच संदेश पाठवायची. युरोपात ती बरीच चालते. आपल्याकडच्या जोडांवर जोड मारलेल्या तारा आणि त्यावर चालणाऱ्या मोटरी, गिरण्या यांच्या गोंगाटात तिच्यावर विसंबावं असं मला वाटत नाही.

सिमवाल्या मीटरबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की फोनला रेंज नाही म्हणजे मीटरलाही नाही. फोनवर बोलताना आवाज सलग जावा लागतो. मीटरला सलग काहीच नको असतं. दिवसभराच्या त्या ४८ ओळी मिळून दोन-चार केबी भरतात. सकाळी नात्यातल्या ग्रुपवर येणारा फुलांचा एक ‘शुभ सकाळ’ फोटो याच्या कितीतरी पट असतो. रात्री दोन वाजता टॉवर मोकळा असताना मीटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि एकदा जमलं की दिवसाचं काम उरकतं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पत्र्याच्या बंद डब्यात बसवलेलं मीटर म्हणजे अँटेनाला कोंडून ठेवणं. जुन्या माळवदाच्या घरात मीटर आतल्या भिंतीला असेल तर त्या दगड-मातीच्या जाड भिंतीतून सिग्नल बाहेर पडेपर्यंत त्याचा जीव जातो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेली गावं बघा, रस्ते रुंद, घराघरात मोकळी जागा. राहायला छान, पण मीटर-ते-मीटर अंतर वाढतं. आणि शेतवस्त्या, तांडे. दोन घरं इकडं, तीन ओढ्यापलीकडं, तिथं मेश जमतच नाही, सिमच लागतं. म्हणून मीटर बसवायला आलेल्या माणसाला एवढंच सांगा की मीटर बाहेरच्या बाजूला, जमीन-पत्र्यापासून मोकळं लाव, आणि डबा लावायचाच तर प्लास्टिकचा. तो ऐकेलच असं नाही, पण सांगा.

इथं हेही लक्षात घ्या की ग्रिडमध्ये सगळ्याच निरोपांना मीटरसारखा निवांतपणा चालत नाही. अंबाजोगाईजवळच्या गिरवलीसारख्या ४०० केव्ही उपकेंद्रात बिघाड झाला तर एका रिलेनं, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या यंत्रानं, दुसऱ्याला काही मिलिसेकंदांत कळवावं लागतं. त्यासाठी आयईसी ६१८५० नावाची वेगळी भाषा आणि उपकेंद्रात फायबर असतं. दोन उपकेंद्रांमधलं फायबर तर तुमच्या शेतावरून गेलेल्या मोठ्या लाइनच्या सगळ्यात वरच्या तारेत दडलेलं असतं. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दर काही सेकंदांनी आकडे येतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला लागोपाठ दोन दिवस उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही, त्यानंतर सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा मोजून उपग्रहाच्या घड्याळाचा शिक्का मारणारी यंत्रं मोठ्या उपकेंद्रांत बसवायच्या कामाला वेग आला. तुमचं मीटर या उतरंडीत सगळ्यात खाली, आणि त्याला सगळ्यात जास्त सवड आहे.

तुम्ही न विचारलेली, पण माझ्या मते या सगळ्यात जास्त महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. स्मार्ट मीटरचा गावाला खरा उपयोग व्हायचा असेल तर रेंजपेक्षा एक साधी नोंद बरोबर लागते: कोणतं घर कोणत्या डीपीवर, म्हणजे कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर, आहे.

डीपीलाही स्वतःचं मीटर बसतं. डीपीतून गेलेले युनिट वजा तिच्यावरच्या घरांचे युनिट, उरलं ते तारेतलं नुकसान आणि आकडे टाकून चोरलेली वीज. हे गणित पाचवीतलं पोरगं करील. लाइट गेल्यावरचंही तसंच. वीज तुटली की मीटर कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या चार्जवर एक शेवटचा निरोप टाकतं. एकाच डीपीवरच्या सगळ्या मीटरांचे निरोप एकदम आले तर डीपीचा फ्यूज किंवा वरची लाइन गेली, एकट्याचा आला तर त्या घराची सर्व्हिस वायर. लाईनमनला अंधारात खांबाखांबावर बॅटरी मारत फिरायचं कारण नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं? ऐन रब्बीत डीपी जळते. दुसरी मिळेपर्यंत लोक थांबणार नाहीत, आणि का थांबावं? लाईनमन अर्धी आळी शेजारच्या डीपीवर ओढतो. त्याचं काही चुकत नाही, लोकांच्या घरात उजेड झाला. पुढं नवी डीपी येते, निम्मी घरं परत जातात, निम्मी तशीच राहतात. कॉम्प्युटरमधली नोंद कुणी बदलत नाही. मग आमच्या स्क्रीनवर एका डीपीवर भयंकर चोरी दिसते, आणि शेजारच्या डीपीवर घरांनी वापरलेली वीज डीपीतून गेलेल्या विजेपेक्षा जास्त! असं कधी होऊ शकतं का? दोन्ही आकडे खरे असतात, खोटी असते ती नोंद. आणि भरारी पथक निघतं ते चोरी ‘दिसलेल्या’ आळीत, जिथल्या लोकांनी काहीच केलेलं नसतं.

ही नोंद डेटातूनच दुरुस्त करता येते, हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर वाटतं. एका डीपीच्या एकाच फेजवरची घरं असतील तर त्यांचं व्होल्टेज बरोबरीनं चढतं, बरोबरीनं उतरतं. आठवड्याभराच्या रेघा एकावर एक ठेवल्या की कोण कुणाच्या सोबत हलतंय ते दिसतं. कागदावर एक डीपी लिहिलीय आणि रेघ शेजारच्या डीपीशी जुळतेय, तर कागद चुकीचा. अर्थात अर्ध्या तासाच्या सरासरीत सगळं दिसत नाही. थ्री फेज आल्याबरोबर ऑटो-स्विचवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीला जो झटका बसतो, तो काही सेकंदांचा असतो. सरासरीत तो विरघळून जातो. शेतीपंप या स्मार्ट मीटरच्या योजनेत नाहीत, त्यामुळे शेतीच्या डीपीवर वजाबाकीचं हे गणितच अपुरं राहतं. तिथं डीपीच्या आणि फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनच्या, मीटरवर भागवावं लागतं.

घरात काय चालू आहे ते दिसतं का? फ्रीज, टीव्ही, इस्त्री असं वेगवेगळं दिसत नाही. त्यासाठी सेकंदा-सेकंदाची मोजणी लागते. पण घर चार दिवस बंद आहे, पहाटे पाचला गीझर किंवा हिटरसारखं काहीतरी लागतं, हे त्या ४८ ओळींतून कुणालाही ओळखता येईल. वाटेत हा डेटा चोरणं सोपं नाही, तो एईएस-१२८ पद्धतीनं कुलूपबंद होऊन जातो. मला भीती हवेतल्या चोराची वाटत नाही, ऑफिसातल्या लॉगिनची वाटते. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली गेली, ती चोरलेल्या लॉगिनवरून ऑपरेटरच्याच स्क्रीनमधून. घरगुती स्मार्ट मीटरच्या आत लांबून वीज तोडणारा स्विच असतो, तेव्हा हा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे.

प्रीपेडची भीती असेल तर सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड सक्तीचं नाही, असं राज्य सरकारनं २०२४ मध्येच जाहीर केलं. बिल नेहमीसारखं महिन्यानंतर येतं. १ जुलै २०२५ पासून या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. कारण दिवसा सौर वीज भरपूर. आपल्याकडं वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावसारखे शेती फीडरचे सौर प्रकल्प दिवसा चालतात, आणि संध्याकाळी त्यांची वीज शून्यावर येते. पिठाची घरगुती चक्की, पाण्याची मोटर, इस्त्री दुपारी करता येत असेल तर करा. सवलत मीटरच्या घड्याळावर ठरते, म्हणून पडद्यावर बटण दाबत गेल्यावर वेळ दिसते ती एकदा मोबाईलशी ताडून बघा.

बिल अचानक फुगलं असं वाटलं तर ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती लक्षात ठेवा. लेखी तक्रार द्या. तक्रार आल्यापासून पाच दिवसांत वीज कंपनीनं जोडीला दुसरं मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून बघायचे. काउंटरवर कुणी ‘असा काही नियम नाही’ म्हणालं तर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आणि एक काम आजच करता येण्यासारखं आहे. बिलावर चक्र, मार्ग-क्रम यांच्या शेजारी डीटीसीचा, म्हणजे डीपीचाच, क्रमांक छापलेला असतो. तुमच्या डीपीच्या खांबावरही रंगानं क्रमांक लिहिलेला असतो. दोन्ही जुळतात का बघा. नाही जुळले तर दोन्हींचा फोटो काढून शाखा कार्यालयात अर्जासोबत द्या, आणि आळीतल्या आणखी चार-पाच जणांची बिलं सोबत जोडा.