खाली घेतलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारला कोणते बंप स्टॉप?
गाडी ४० मिमी खाली घेतल्यापासून कसारा घाटाच्या वळणांवर मागचं टोक उडतं, तर रबरी बंप स्टॉप (चाक फार वर आलं की शॉकला अडवणारा ठोकळा) कापू का, असं विचारलंय. मोजल्याशिवाय कापू नका! कापलेला स्टॉप उशिरा लागला तर शॉकअब्सॉर्बर आतून आदळतो. आधी शॉकच्या दांड्याला सरकेल इतपत घट्ट केबल टाय बांधा, त्र्यंबक रोडवर फेरी मारा. टाय कुठवर सरकला ते पाहा, शॉक किती दबतो ते कळेल. मग स्प्रिंग काढून चाक जॅकने वर घ्या, टायर मडगार्डला कधी टेकतं ते मोजा. आखूड, निमुळता पॉलीयुरेथेन फोमचा स्टॉप घ्या. टणक रबर एकदम अडवतं, तिथेच पकड सुटते. फोम हळूहळू कडक होतो. पूर्ण दबल्यावरही टायर मात्र मोकळं राहिलंच पाहिजे.