लाल अंबाडीची बोंडं आणली, आता त्यांचं काय करू?

पाल्याची भाजी सगळ्यांना माहीत. बोंडं मात्र वायाच जातात. नाशिकला गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात थंडीत दिसली तर घट्ट, गडद लाल बघून घ्या. खायचा भाग म्हणजे फुलाखालची मांसल निदलं, म्हणजे बाहेरची लाल, पाकळ्यांसारखी आवरणं. देठाकडून गोल चीर देऊन आतली हिरवी बी-बोंडी बोटाने ढकलून काढा. तिच्यावर बारीक लव असते, ती राहिली तर घशाला खवखवते.

सरबताला पाव किलो सोललेली निदलं, एक लिटर पाणी, मंद आचेवर दहा मिनिटं. गाळून दीडशे ग्रॅम साखर, चिमूटभर सैंधव. भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियम किंवा लोखंडाला आंबट रस लागला की रंग काळवंडतो, चवही धातूची येते. चटणीला निदलं तेलात परतून लसूण, सुकी मिरची, दाण्याचं कूट, थोडा गूळ. चिंच नको, आंबटपणा आहेच.

वाळवायची तर कुरकुरीत होईपर्यंत. जराशी ओल राहिली की बरणीत बुरशी.

औषध म्हणाल तर वाळवलेल्या निदलांच्या चहाने रक्तदाब थोडा उतरतो, पण गोळीऐवजी नाही. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, गरोदरपणात टाळा.