नवी मुंबईहून समुद्रात पोहायला आणि वॉटर स्पोर्ट्‌सला सुरक्षित किनारा कोणता?

वाशी-ऐरोलीची खाडी पोहण्यासाठी नाही, तिथे गुडघाभर चिखल आहे. मुलं सोबत असतील तर पनवेल-पेण-वडखळमार्गे अलिबागजवळचं नागाव गाठा. बनाना राइड, जेट स्की सगळं तिथे मिळतं. काशीद दिसायला फार सुंदर, पण तिथे पाण्याला ओढ आहे, बुडण्याच्या घटना घडल्या आहेत. मी तिथे मुलांना घोट्यापुढे जाऊ देत नाही.

किनाऱ्यापेक्षा वेळ महत्त्वाची. कोकणातला जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती चढत असताना पाण्यात उतरा. ओहोटी लागली की बाहेर या, कारण तेव्हा पाणी आत खेचतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तर टाळाच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून सुटा, मग बाहेर या.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे स्वतः ओढून बघा. मुलाला मोठ्या मापाचं दिलं तर राइड सरळ नाकारा, पैसे गेले तरी चालतील. जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्‌स बंद असतात. तेव्हा कोणी गुपचूप नेतो म्हणाला तरी जाऊ नका.