बाणावलीला जायच्या आधी थोडं

बाय,

तुझा मेसेज वाचला आणि मनापासून बरं वाटलं, शेतीची जुनी कामं शिकायची म्हणणारी तुझ्या वयाची मुलगी बऱ्याच दिवसांनी भेटली. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयापासून सुरुवात करायची म्हणतेस ते एकदम बरोबर. लोकांनी टाकून दिलेली अवजारं, भांडी गोळा करून व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ते उभं केलंय, 4,000 च्या वर वस्तू आहेत आणि इमारतीतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खांब वापरलेत. पण सगळं एका दिवसात बघायला जाऊ नको, डोकं भरून जातं आणि हाताला काहीच लागत नाही.

एकच वस्तू धर. समज नांगर धरलास, तर त्याचं रुमणं कुठे झिजलंय ते बघ, तिथे वर्षानुवर्षं कोणाचा तरी तळवा घासलाय. मग घरी येऊन नांगर धरलेला एखादा म्हातारा शोध आणि त्याला तीच जागा विचार. तो बोलायला लागला की मोबाईल खिशात ठेव.

खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली खारी शेतजमीन, तर शेतावर गेल्याशिवाय कळणारच नाही. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांचं, मॉडेल कुठे बघितलंस तर ती नुसती लाकडी दारं वाटतील. बोरीला वगैरे ओहोटीच्या वेळी बांधावर उभी राहा, आतलं पाणी दार ढकलून आपोआप नदीत जातं आणि भरती लागली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं, माणसाने हात लावायचा नाही. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून तिथल्या माणसाला घड्याळापेक्षा तिथी जास्त लागते. आणि पावसाने मीठ धुवून नेल्याशिवाय तिथे पेरत नाहीत, कोरगुटसारखं खारं सोसणारं भात असलं तरी. हे सगळं एका पावसाळ्यात कळेल असं नाही, दोन तरी बघ.

हाताचं काम म्हणशील तर आधी मल्लां, म्हणजे माडाच्या झावळ्यांची झापं, विणायला शीक, चुडत म्हणजे झावळी फुकट मिळते, चुकलं तरी नुकसान नाही. मी पहिल्यांदा घाई केली, चुडतं भिजवलीच नाहीत, सुकलेली तशीच विणायला घेतली, पाती कटाकट मोडली, उरलेली कशीबशी विणून भिंतीला लावली आणि जूनच्या पहिल्या झडीतच सगळी भिंत उघडी पडली. आई काही बोलली नाही, तिने फक्त दुसऱ्या वर्षी चुडतं स्वतः पाण्यात टाकली. काही दिवस भिजलं की पात लवतं, मधल्या दांड्यावर उभी चीर देऊन दोन भाग करायचे, मग एक पात सोडून एक उलटं वळवायचं आणि एकाखालून एकावरून घालत जायचं. विणताना पात ओढायचं नाही, दाबत सरकवायचं, बोटांना ते आपोआप समजतं, पण पहिली दहा-बारा मल्लां वाकडीच होणार, ती टाकू नकोस, माडाच्या बुंध्याला घाल.

कोयता तुझा स्वतःचा घे, धार कशी लावायची ते मी दाखवीन. मे लागायच्या आधी फोन कर, आमच्या तळीत चुडतं भिजत टाकून ठेवतो.

तुझा काका