कोकणात समुद्राजवळच्या चिरेबंदी घराला विनाइल साइडिंग लावावं का? लावायचं तर कसलं घ्यावं?

तुमचं घर रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत आहे आणि जांभ्याची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात आतून ओली होते, म्हणून तुम्ही साइडिंगचा, म्हणजे भिंतीवर बाहेरून चढवायच्या पॅनलच्या आवरणाचा, विचार करताय. आधी ओल येते कुठून, हे नक्की करा. जमिनीपासून दोन-तीन फुटांचा सलग पट्टा ओला असेल आणि दिवाळी उलटली तरी सुकत नसेल, तर पाणी जोत्यातून चढतंय. त्यावर साइडिंगचा काडीचा उपयोग नाही, पैसे जोत्यावर आणि अंगणाच्या उतारावर घाला. वाऱ्यापावसानंतर एक-दोन दिवसांत खिडकीखाली किंवा चिऱ्यांच्या सांध्यांवर डाग उमटत असतील, तर ती झड. जांभा झडीचं पाणी शोषतो. इथे साइडिंग कामाला येतं, आणि तेही झडीच्या बाजूंना, म्हणजे पश्चिमेला आणि दक्षिणेला. चारही भिंती मढवायची गरज नाही.

विनाइल म्हणजे पीव्हीसी. खाऱ्या हवेत ते गंजत नाही, आरपार एकाच रंगाचं असल्याने ओरखडाही फारसा उठून दिसत नाही. पण ते जलरोधक नसतं. सांध्यांतून थोडं पाणी आत जातंच आणि खालच्या काठाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. म्हणून भिंतीवर थेट ठोकू नका. आधी फुगलेलं प्लास्टर काढून सांधे भरून घ्या, मग उभ्या पट्ट्या मारून मागे किमान एक इंच पोकळी ठेवा. पोकळी वर आणि खाली उघडी हवी, दोन्ही तोंडांना स्टेनलेसची बारीक जाळी लावायची. जाळी विसरलात, तर विंचू, गांधीलमाशा आणि उंदीर मुक्कामाला येतील.

पट्ट्या लाकडाच्या नकोत, वाळवी सोडणार नाही. साधं लोखंड गंजतं. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी घ्या आणि स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे, कारण किनाऱ्यावर नेहमीच्या 304 ग्रेडवर डाग पडू लागतात. जांभ्यात खिळा टिकत नाही, नायलॉनचा प्लग आणि लांब स्क्रू वापरा, तोही चिऱ्याच्या मध्यात. कडेला भोक पाडलं, तर चिरा फुटतो.

माल घेताना जाडी विचारा. एक मिमीपेक्षा पातळ पॅनल घेऊ नका, समुद्रासमोर 1.1 मिमी किंवा जास्त. पॅनलच्या वरच्या काठाची खाचा असलेली पट्टी, जिच्यातून स्क्रू मारतात, ती दुमडून दुहेरी केलेली असेल, तर वाऱ्याला जास्त टिकते. कंपनीकडून वाऱ्याच्या दाबाचा आकडा लेखी मागा आणि तो किती अंतरावर स्क्रू मारल्यास लागू होतो, हेही विचारा. जून 2020 मध्ये निसर्ग आणि मे 2021 मध्ये तौक्ते ही चक्रीवादळं कोकणाने पाहिलीत. मागे सपाट आधार नसून नुसत्या पट्ट्या असतील, तर पॅनल वाऱ्यात फडफडतं, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये फार अंतर ठेवू नका: 16 इंच, कोपऱ्यांजवळ 12. रंग फिका घ्या. गडद रंग उन्हात जास्त तापतो आणि साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे पीव्हीसी मऊ पडून वाकडं होतं. त्याच कारणाने न्हाणीच्या चुलीजवळच्या भिंतीला हे लावू नका.

हिशेब असा. 30 बाय 10 फुटांची भिंत, त्यातून खिडक्यांचे 30 चौरस फूट वजा करा, 270 उरले. 10 टक्के कापाकापीचे धरून 297. साडेबारा फूट लांब आणि 8 इंच उघडं राहणारं पॅनल 8.33 चौरस फूट झाकतं, म्हणजे 36 पॅनल. शिवाय खालची सुरुवातीची पट्टी, कोपऱ्याचे तुकडे आणि खिडक्यांभोवती जे-चॅनल, म्हणजे पॅनलची टोकं आत घ्यायची J आकाराची पट्टी.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बसवताना. पहाटे आणि दुपारच्या उन्हात एवढ्या लांब पॅनलमध्ये जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून स्क्रू लांबट खाचेच्या बरोबर मध्यात, आणि डोक्याखाली साधारण 1 मिमी मोकळं. बसवल्यावर पॅनल हाताने डावी-उजवीकडे सरकवून पाहा. सरकत नसेल तर स्क्रू सैल करा. आपला कारागीर सवयीने स्क्रू घट्ट पिळतो, आणि मेच्या उन्हात भिंतीला लाटा येतात. टोकांशी चॅनलमध्ये पाव इंच सोडा, तिथे सिलिकॉन भरू नका. जोडाला एक पॅनल दुसऱ्यावर एक इंच चढवा, त्याचं तोंड नैऋत्येकडे नको. खालचा काठ जमिनीपासून सहा-आठ इंच वर, म्हणजे पागोळ्यांची तांबडी माती उडून बसणार नाही. शेवाळ आलं, तर सात भाग पाणी आणि तीन भाग पांढरं व्हिनेगर, मऊ ब्रश. प्रेशरचा फवारा खालून वर कधीच मारू नका.

माझा सल्ला विचाराल तर आधी पश्चिमेचं छप्पर दोन-तीन फूट पुढे काढता येतं का, ते बघा. पडवी असलेल्या जुन्या घरांच्या भिंती याच कारणाने कोरड्या राहतात. छप्पर वाढवायला जागा नसेल आणि घर थेट वाऱ्याच्या तोंडावर असेल, तर मी विनाइलऐवजी रंगवलेला फायबर सिमेंटचा बोर्ड घेईन. तो जड असतो आणि दर काही वर्षांनी रंग मागतो, पण वाऱ्यात फडफडत नाही आणि उन्हात वाकत नाही.