नव्या रोलर कोस्टरवर जोडीने बसायचे आहे, पण भीती वाटते. सकाळीच जावे का?

तुम्ही विचारले आहे की, थीम पार्कमध्ये नुकत्याच सुरू झालेल्या रोलर कोस्टरवर तुमच्या पतींना जोडीनेच बसायचे आहे, तुम्हाला मात्र उंचीची आणि वेगाची धास्ती वाटते. तेव्हा पार्क उघडताच जाऊन राइड उरकून टाकावी, की दिवसभर मनाची तयारी करून संध्याकाळी बसावे? माझे उत्तर असे की, सकाळीच जावे, पण उरकून टाकण्यासाठी जाऊ नये. त्या राइडवर क्रमाक्रमाने काय घडणार आहे हे आधी समजून घ्यावे, खाली उभे राहून काही गाड्या फिरताना पाहाव्यात आणि मग बसावे. अशीच धास्ती मला होती आणि माझे पतीही असेच उत्सुक होते. आम्ही दोघे एका सकाळी नव्या राइडवर गेलो, तेव्हा मला धीर आला तो त्यांच्या आश्वासनांमुळे नव्हे, तर त्या यंत्राविषयी त्यांनी सांगितलेल्या माहितीमुळे. म्हणून तीच माहिती येथे सविस्तर देते.

सकाळच्या बाजूने पहिले कारण म्हणजे रांग. गाडीत बसल्यावर जेवढी भीती वाटते, त्याहून किती तरी अधिक भीती रांगेत उभे असताना वाटते. नव्या राइडची रांग दिवस चढेल तशी लांबत जाते, आणि डोक्यावरून जाणाऱ्या गाडीतल्या किंकाळ्या ऐकत तासन्‌तास उभा राहिलेला माणूस आसनापर्यंत पोहोचतो, तेव्हा तो आधीच थकलेला असतो. दुसरे कारण यांत्रिक आहे आणि ते मला फार आवडले. रोलर कोस्टरच्या बहुतेक आधुनिक चाकांवर पॉलियुरेथेनसारख्या पदार्थाचे आवरण असते आणि बेअरिंगमध्ये वंगण असते; रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे वंगण गार आणि घट्ट असल्यामुळे सकाळच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये घर्षण थोडे जास्त होते, आणि गाडी दुपारच्या मानाने किंचित संथ धावते. हा फरक मोठा नसतो, पण घाबरणाऱ्या माणसाच्या बाजूचा असतो. शिवाय पार्क उघडण्यापूर्वी तंत्रज्ञ मार्गाची पाहणी करतात आणि रिकाम्या गाड्या फिरवून पाहतात. आपण लवकर पोहोचलो, तर अशा रिकाम्या गाड्या बाहेरूनही दिसतात. माणसे नसलेली आणि म्हणून किंकाळ्याही नसलेली ती गाडी पाहिल्यावर राइडचा खरा आवाज केवढा आणि लोकांचा केवढा, हे मला प्रथमच वेगळे कळले.

मात्र एक तयारी ठेवा. नवी राइड सुरुवातीच्या काळात पुष्कळदा उशिरा उघडते किंवा मध्येच थांबते. त्या वेळी खालून ती नीट पाहून घ्यावी. आम्ही पहिल्या मोठ्या उताराजवळच्या कठड्यापाशी उभे राहिलो आणि गाडी माथ्यावरून सुटल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजला. पुष्कळशा रोलर कोस्टरची संपूर्ण फेरी २ ते ३ मिनिटांत संपते, आणि त्यातला बराच वेळ चढणीवर जातो. ४० मीटर उंचीवरून एखादी वस्तू सरळ खाली सोडली, तरी जमिनीपर्यंत यायला तिला ३ सेकंदसुद्धा लागत नाहीत. उतारावरून येणाऱ्या गाडीला त्याहून थोडा वेळ लागतो, इतकेच. ज्या घसरणीच्या कल्पनेने माझी आदल्या रात्रीची झोप उडाली होती, ती एका लांब श्वासाएवढी आहे, हे घड्याळाने दाखवले, तेव्हा माझ्या मनाने प्रथमच होकार दिला.

आता गाडी थांबण्याविषयी, कारण तुमच्या प्रश्नात ‘मध्येच वर अडकलो तर?’ हीही शंका आहे. रोलर कोस्टरचा मार्ग रेल्वेप्रमाणे खंडांमध्ये विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा खंड मोकळा झाल्याची खात्री सेन्सर देत नाहीत, तोवर नियंत्रण यंत्रणा मागच्या गाडीला पुढे सोडत नाही. ती चढणीवर असेल तर साखळी थांबते, स्टेशनात असेल तर तिथेच उभी राहते. समोरच्या गाडीतून उतरताना कोणी जास्त वेळ लावला, एवढ्या कारणानेही मागची गाडी थांबू शकते. म्हणजे वर थांबलेली गाडी बहुतेक वेळा बिघडलेली नसते, तिला सुरक्षिततेसाठी मुद्दाम थांबवलेले असते. आम्ही खाली उभे असताना एक गाडी अशीच चढणीवर थांबली. माझा जीव वर गेला होता, आणि तेव्हाच पतींनी हे खंडांचे गणित समजावून सांगितले. थोड्या वेळाने ती गाडी निघाली. मी गाडीत असताना असे घडले असते आणि मला हे ठाऊक नसते, तर ती काही मिनिटे मला फार जड गेली असती.

चढणीवर येणारा ‘कट-कट-कट’ असा आवाज पुष्कळांना घाबरवतो, पण खरे तर तो दिलासा देणारा आवाज आहे. डब्याखालचा खटका चढणीवरच्या दात्यांवरून एकेक करून सरकतो, त्याचा तो आवाज असतो. साखळी तुटली तरी तो खटका दात्यात अडकून गाडीला मागे घसरू देत नाही. काही नव्या राइडमध्ये हा आवाज कमी केलेला असतो, तर काहींमध्ये चढणच नसते आणि चुंबकीय मोटारी गाडीला सपाटीवरूनच वेगात पुढे ढकलतात. तुमची राइड या दुसऱ्या प्रकारची असेल, तर चढणीवरची घालमेल वाचते, पण सुरुवातीचा धक्का अचानक बसतो. म्हणून निघण्यापूर्वीच डोके मागे टेकवून ठेवावे. शेवटी लागणारे ब्रेकही आज पुष्कळ ठिकाणी कायम चुंबकांचे असतात. धातूची पट्टी त्या चुंबकांमधून वेगाने जाते, तेव्हा पट्टीत निर्माण होणारे विद्युत्प्रवाह तिच्या गतीला विरोध करतात, आणि त्यासाठी बाहेरून वीज लागत नाही. वीज गेली तर काय, या माझ्या सर्वांत जुन्या शंकेचे उत्तर मला इथे मिळाले.

गाडी रुळावरून उडून का जात नाही, याचे उत्तर तर शंभर वर्षांहून जुने आहे. चाके फक्त रुळाच्या वर नसतात. काही बाजूने आणि काही रुळाच्या खालूनही धरलेली असतात. खालच्या चाकांची ही रचना जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ मध्ये पेटंट केली, आणि त्यानंतरच उंच, तीव्र उतारांची रोलर कोस्टर बांधणे शक्य झाले. उलटे करणाऱ्या उभ्या वळशांची कथा अशीच आहे. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जो वळसा होता, तो जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार होता. त्यात शिरताना शरीरावर एकदम प्रचंड दाब येई आणि लोकांच्या माना दुखावत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन पार्कमध्ये ‘रिव्होल्यूशन’ ही राइड सुरू झाली, तिच्यासाठी वेर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने वळशाला थेंबासारखा आकार दिला: खाली रुंद, वर अरुंद. त्यामुळे दाब हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. आज दिसणारे मोठे वळसे बहुतेक याच विचाराने आखलेले असतात.

शरीराला काय वाटते, हेही आधीच सांगते. माथ्यावरून खाली जाताना आसन आपल्याला वर ढकलण्याचे थांबते आणि पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते. पोटातले अवयवही शरीराबरोबरच खाली येत असतात, म्हणून त्यांचा नेहमीचा भार जाणवेनासा होतो. उताराच्या तळाशी याच्या उलट घडते आणि क्षणभर आपले वजन काही पटींनी वाढल्यासारखे भासते. या दोन्ही वेळी श्वास रोखू नये. किंचाळणे चांगले, कारण त्यामुळे श्वास आपोआप बाहेर पडतो. डोळे घट्ट मिटण्याचा मोह टाळावा. कानाच्या आतील नलिका शरीर वळत असल्याचे सांगतात आणि मिटलेले डोळे काहीच सांगत नाहीत, तेव्हा मेंदूचा गोंधळ वाढतो आणि मळमळ होऊ शकते. मार्ग जिकडे वळतो आहे तिकडे पाहत राहिले, तर पुढचे वळण अंगावर येण्याआधी मान तयार असते.

कुठे बसावे, या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देईन. सगळे डबे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे कोणत्याही क्षणी सर्वांचा वेग सारखाच असतो, तरीही प्रत्येक डब्याचा अनुभव वेगळा असतो. पुढचा डबा माथा ओलांडतो, तेव्हा गाडी अजून संथ असते, म्हणून पुढच्या ओळीतील लोक काही क्षण खोल उताराकडे पाहत लटकलेले राहतात. मागचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढच्या डब्यांनी गाडीला वेगात खाली ओढलेले असते, त्यामुळे मागचे लोक माथ्यावरून अक्षरशः खेचले जातात आणि आसनावरून उचलल्यासारखे होतात. मधल्या डब्यात या दोन्हींचा जोर कमी असतो. भीती ज्याला वाटते, त्यानेच जागा निवडावी, असे आमचे ठरले होते. मी मधली ओळ निवडली आणि पतींनी ती बिनतक्रार मान्य केली, जरी त्यांचे डोळे शेवटच्या डब्याकडे होते. एकेकट्यांसाठी वेगळी रांग असते, ती लवकर सरकते खरी, पण तिथे उभे राहिल्यास दोघांना वेगवेगळ्या डब्यांत बसवले जाते. तुम्ही तो मोह टाळा.

आता तुमच्या पतींविषयी. ‘चल गं, काही होत नाही’ या वाक्याचा उपयोग होत नाही, कारण ज्याला भीती वाटते त्याच्या शरीरात तेव्हा खरोखरच पुष्कळ काही होत असते. त्याऐवजी ‘आता चढण, मग उजवीकडे वळण, मग उतार’ असे सांगणे हजार पटींनी बरे, आणि गाडी सुटल्यावर गप्प राहणे त्याहून बरे. एकत्र घाबरल्याने प्रेम वाढते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते इतके सरळ नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेस्टन आणि फ्रोलिक यांच्या अभ्यासात रोलर कोस्टरवर चढणाऱ्या आणि उतरलेल्या लोकांना अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र दाखवून ती किती आकर्षक वाटते, हे विचारले होते. जोडीदाराबरोबर नसलेल्यांच्या उत्तरांत उतरल्यावर आकर्षण वाढलेले दिसले, जोडीदाराबरोबर आलेल्यांच्या उत्तरांत तसा फरक आढळला नाही. दुसरीकडे आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की, जोडप्यांनी काही नवे आणि चैतन्य आणणारे काम मिळून केले, तर आपल्या नात्याविषयीचे त्यांचे समाधान वाढते. या दोन्हींवरून माझे मत असे झाले आहे की, त्या सकाळचे मोल दोघांनी मिळून राइड समजून घेण्यात, जागा ठरवण्यात आणि एकमेकांचे ऐकण्यात आहे. नुसते शेजारी बसून किंचाळण्यात ते फारसे नाही.

म्हणूनच नकाराची वाट मोकळी असली पाहिजे. पुष्कळ राइडवर अगदी फलाटापर्यंत जाऊनही न बसता बाहेर पडता येते. रांगेत शिरतानाच कर्मचाऱ्यांना ती वाट विचारून ठेवा. ती वाट आहे हे कळल्यावर माझ्या पायांतला कापरा थांबला. गरोदरपणा, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर मात्र चर्चाच करू नये, बसू नये. फोन, चष्मा, किल्ल्या आधीच ठेवून द्याव्यात. मांडीवरचा दांडा अंगाला नीट टेकला आहे ना, हे स्वतः पाहावे आणि कर्मचाऱ्याने तो तपासेपर्यंत हात मध्ये आणू नयेत.

उतरल्यावर थोडे डगमगल्यासारखे होईल. भांडे ढवळून थांबवले तरी आतले पाणी काही वेळ फिरत राहते, तसाच कानातला द्रवही थोडा वेळ फिरत राहतो. जरा चालावे, सावलीत बसावे आणि लगेच दुसऱ्या राइडकडे धावू नये. पती पुन्हा बसू म्हणाले, तर त्यांना एकट्याला जाऊ द्या. आमच्याकडे तसेच झाले. ते शेवटच्या डब्यात बसून आले आणि मी कठड्यापाशी उभी राहून त्यांची गाडी पाहिली. तुम्हाला स्वतःला पुन्हा बसावेसे वाटले आणि पुढची ओळ खुणावू लागली, तर आधी पाहून घ्या, कारण पुढच्या ओळीची रांग पुष्कळदा वेगळी आणि लांब असते. ती सकाळीच गाठलेली बरी.