दारव्ह्याचं डिझाईनचं दुकान जर्मनीत न्यायचं म्हणता, तर आधी हे वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दारव्ह्याला ग्राफिक आणि वेबसाइटचं छोटं दुकान, फ्लेक्स, लग्नपत्रिका, कृषी केंद्रांचे बिलबुक, दोन-चार शाळा आणि एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, वेबसाइट, हाताखाली दोन पोट्टे, आणि आता वहिनी-मुलीला घेऊन जर्मनीत येऊन हाच धंदा करायचा, तर काय काय लागते आणि जमेल का, असं विचारलं तुम्ही. मी मूळची पुसदकडची, तिकडे डीटीपी आणि डिझाईनचंच काम केलं, आता लाइपझिगमध्ये स्वतःचं काम करते, लोगो, छापील काम आणि छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट. म्हणून जरा सविस्तरच लिहून राहिली आहे.

पहिले एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तुमचा धंदा आज कशावर चालते? डिझाईनवर नाही, छपाईवर. गिऱ्हाईक येते, स्क्वेअर फुटाचा भाव विचारते, दहा की बारा की पंधरा, आणि डिझाईन त्यातच फुकट करून मागते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस चेहरे कापून बसवायचे, रात्री अकराला अजून दोन फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, तेही बसवायचे, आणि पैसे मात्र फक्त फ्लेक्सचे. आपल्याकडे सगळे असंच करतात, त्यात तुमचं काही चुकत नाही. पण जर्मनीत ज्या परवान्यावर डिझायनर लोक येतात, ज्याले सगळे फ्रीलान्स व्हिसा म्हणतात, तो निवास कायद्याच्या कलम २१ खाली मिळते आणि तो फक्त डिझाईनच्या कामाचा असते. छपाई करून घेऊन वर मार्जिन लावून विकणं, होस्टिंग विकत घेऊन पुढं विकणं, हे तिथं व्यापारात मोडते, त्याची नोंदणी वेगळी, कर वेगळा, आणि परवानाही वेगळ्या अटीवर, भांडवल दाखवा, त्या भागाले तुमच्या धंद्याचा काय फायदा ते दाखवा. परवान्याच्या कार्डासोबतच्या कागदावर कोणतं काम करायची परवानगी आहे ते लिहूनच देतात आणि त्याच्या बाहेरचं काम चालत नाही. म्हणजे तुमच्या आजच्या कमाईतला मोठा हिस्सा ज्यातून येते तोच इथं वगळला जाते. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, दारव्ह्यात बसून आजपासूनच डिझाईनचे पैसे वेगळे लावायला लागा. बिलावर दोन ओळी, डिझाईन एवढे, छपाई एवढी. काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जातील, जाऊ द्या. जे राहतील तेच तुमचे डिझाईनचे गिऱ्हाईक, आणि पुढं व्हिसाच्या फाइलमध्ये दाखवायला तेच कामी येतील.

इथं कोटेशन कसं असते ते सांगते, म्हणजे फरक कळेल. मागं एका बेकरीचं काम केलं, लोगो, पिशवी आणि दुकानाची पाटी. कोटेशन दोन पानांचं. त्यात लिहिलेलं, सुरुवातीला तीन वेगळे मसुदे देईन, त्यातला एक निवडला की दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, त्याच्यावर दुरुस्ती हवी असेल तर तासाचा हा दर. अर्धे पैसे काम सुरू करताना, अर्धे फाइल देताना, बिल मिळाल्यापासून १४ दिवसांत. आणि मंग सगळ्यात महत्त्वाची ओळ, हा लोगो कुठं आणि किती काळ वापरता येईल. जर्मन कायद्यात कॉपीराइट विकताच येत नाही, तो बनवणाऱ्याकडेच राहते, गिऱ्हाइकाला फक्त वापरायचा हक्क देता येते. त्या हक्काचीच किंमत असते. एका दुकानापुरता वापरायचा लोगो आणि दहा शाखांमध्ये, गाड्यांवर, जाहिरातीत वापरायचा लोगो, चित्र तेच असलं तरी बिल वेगळं. बेकरीवाल्या बाईंनी दोन ओळींवर प्रश्न विचारले, सही केली, आणि कामाच्या शेवटापर्यंत तिसरी दुरुस्ती मागितली नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक बाजूला खुर्ची टाकून बसते आणि "थोडं इकडचं तिकडं करा ना" म्हणत दुपार घालवते, तेव्हा हे खोटं वाटेल, पण कागदावर आधी लिहिलेलं असलं की माणसं खरंच तसं वागतात. तुम्ही मराठीत, व्हॉट्सअॅपवर का होईना, काम सुरू करायच्या आधी पाच ओळी पाठवून "ठीक आहे" घ्यायची सवय लावा. दिग्रस-आर्णीच्या गिऱ्हाइकावर ही सवय लागली तर इथं नुसती भाषा बदलते.

आता व्हिसा. महाराष्ट्रातल्या लोकांचं काम मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जाते. शिक्षणाचे कागद, बायोडाटा, पोर्टफोलिओ, राहायची सोय, आरोग्य विमा, पुढच्या काळात किती कमाई-किती खर्च याचा अंदाज, आणि जर्मनीतले गिऱ्हाईक तुम्हाले काम देणार आहेत अशी पत्रं. अडतं ते या पत्रांवर. परवाना साधारण तीन वर्षांपर्यंतचा मिळते आणि पुढं वाढवताना खरंच कमाई झाली का ते पाहतात. पत्रं कुठून आणायची, तर आधी काम करून. दारव्ह्यात बसूनच जर्मन गिऱ्हाइकाचं काम करता येते, त्याले व्हिसा लागत नाही, पैसे बँकेत परकीय चलनात येतात, ती सेवेची निर्यात होते, वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असली तर फक्त सेवेसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, भरून शून्य दराने बिल काढता येते. तुम्ही माल पण विकता, म्हणून तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. ज्याने तुमची दोन बिलं खरोखर भरली आहेत त्याचं पत्र आणि ओळखीतून मागून आणलेलं पत्र, यात तपासणाऱ्याला फरक कळते. सुरुवात इथल्या भारतीय हॉटेलवाल्यांपासून, योगा शिकवणाऱ्यांपासून करा, त्यांना आपल्या वेळेत, आपल्या रंगात काम करणारा माणूस हवा असते.

पोर्टफोलिओत फ्लेक्स टाकू नका. कृषी केंद्राचं पूर्ण काम टाका, पाटी, बिलबुक, पिशवी, एकाच रंगसंगतीत केलेलं. जिनिंगची वेबसाइट टाका आणि त्यात काय अडचण होती, ती कशी सोडवली ते चार ओळीत लिहा. हाताने काढलेली देवनागरी अक्षरं असतील तर ती नक्की, अशी अक्षरं काढणारे इथं फार कमी आहेत आणि पाहणाऱ्याचा हात तिथं थांबते.

भाषेचं सांगते, कारण यात बरेच जण स्वतःची समजूत काढून येतात. बर्लिनमधल्या स्टार्टअपचं काम इंग्रजीवर निघते. पण तुमच्यासारख्या माणसाचा खरा गिऱ्हाईक म्हणजे बेकरी, फिजिओथेरपीवाला, सुतार, दातांचा डॉक्टर, हे लोक जर्मनमध्येच बोलतात आणि जर्मनमध्येच भांडतात. निदान बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी, करून या. पुण्या-मुंबईचं मॅक्स म्युलर भवन ऑनलाइन पण शिकवते, दारव्ह्यातून होते.

आरोग्य विम्याचं नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त पैसे इथं अडकतात. भारतातून थेट येऊन स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्याले सरकारी विम्यात सहसा घेत नाहीत, आणि खाजगी विमा वय वाढलं की महाग होत जाते. सरकारी विम्यात स्वतःहून असलेल्या धंदेवाल्याले कमाई कमी असली तरी महिन्याला अडीचशे युरोच्या वरच जातात. यातून वाट काढायची म्हणजे कलाकारांचा सामाजिक निधी, सगळे त्याले केएसके म्हणतात, ऑफिस विल्हेल्म्सहाफेनला आहे, १९८३ पासून चालू आहे. डिझायनर, वेबडिझायनर त्यात बसतात. त्यात घेतलं की तुम्ही सरकारी विम्यात येता आणि विमा व पेन्शनचा अर्धा हप्ता केएसके भरते, नोकरी करणाऱ्याचा अर्धा मालक भरते ना, तसंच. पैसे केंद्र सरकारकडून आणि डिझायनर-कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांकडून येतात. अट अशी की वर्षाची निव्वळ कमाई ३,९०० युरोच्या वर पाहिजे, नवीन सुरू करणाऱ्याले पहिली तीन वर्षं ही अट नाही. पण ते बिलं मागतात, करार मागतात, आणि त्या बिलांवर डिझाईन दिसलं पाहिजे. "वेबसाइट मेन्टेनन्स" लिहिलेलं बिल पाहिलं की प्रश्न येतात. उत्तर यायला महिने लागतात, तोवरचा विमा तुमच्या खिशातून, ती रक्कम बाजूला ठेवूनच या.

याच केएसकेमुळे तुमच्या दोन पोट्ट्यांच्या प्रश्नाचं उत्तर पण मिळते. शिकाऊ आणि किरकोळ कामवाले सोडले तर एकापेक्षा जास्त नोकर ठेवला की तुम्ही त्यातून बाहेर. म्हणून त्यांना इकडे आणायचा विचार सध्या सोडा. माझं मत विचाराल तर दारव्ह्याचं दुकान त्यांनाच चालवायला द्या, छपाईचा धंदा त्यांच्या नावावर होऊ द्या, आणि इकडून गरज पडली की त्यांच्याकडून काम करून घ्या, त्यांनी तुम्हाले रीतसर बिल द्यावं. लग्नसराई आणि गणपतीच्या सीझनवर उभं केलेलं दुकान कुलूप लावून येण्यासारखं नसते.

कराचं जास्त अवघड नाही. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, मंग कर कार्यालयाचा फॉर्म एल्स्टर नावाच्या पोर्टलवर भरायचा, कराचा नंबर येते. उलाढाल वर्षाला २५,००० युरोच्या आत असली, ही मर्यादा २०२५ पासूनची, तर छोटा धंदा म्हणून १९ टक्के व्हॅट लावायची भानगड नाही. व्यवसाय कर फ्रीलान्सरला लागत नाही.

वेबसाइटचे कायदे मात्र कडक, आणि इथं तिकडची सवय सोडूनच यायचं. धंद्याच्या प्रत्येक वेबसाइटवर मालकाचं पूर्ण नाव-पत्ता असलेलं पान लागतेच. परवानगीशिवाय कोणाचा डेटा बाहेर जाता कामा नये. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका वेबसाइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण काय तर गुगलचे फॉन्ट थेट गुगलच्या सर्व्हरवरून घेतले होते आणि पाहणाऱ्याचा आयपी पत्ता तिकडे जात होता. त्यानंतर शेकड्यांनी लोकांना वकिलांची पत्रं गेली. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवला की प्रश्न मिटते, काम दहा मिनिटांचं, पण माहीत पाहिजे. गुगलवरून उचललेला फोटो, क्रॅक केलेलं कोरल सॉफ्टवेअर, कुठून तरी आलेला फॉन्ट, इथं एकेकाचं बिल येते आणि गिऱ्हाईक ते तुमच्याकडे पाठवते. देवनागरीसाठी Mukta, Baloo या नावांचे खुले फॉन्ट आहेत, आतापासूनच त्यावर या. २८ जून २०२५ पासून बऱ्याच ऑनलाइन दुकानांना आणि सेवांना कमी दिसणाऱ्या लोकांना वापरता येईल अशी साइट ठेवणं बंधनकारक झालं आहे, अगदी छोट्या सेवावाल्यांना सूट आहे, पण गिऱ्हाईक विचारतात. अक्षर आणि मागच्या रंगात निदान ४.५ ला १ एवढा फरक पाहिजे. लालवर नारिंगी अक्षरं इथं पास होत नाहीत. छापखान्याचं पण तसंच, कापायच्या रेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं डिझाईन सोडलेलं नसलं की फाइल परत.

उधारी बुडायची भीती इथं पण असतेच. एका हॉटेलवाल्याने मेनूकार्ड छापून घेतलं आणि माझे फोन उचलणं बंद केलं, आपल्याच देशातला माणूस. करार होता, बिल होतं, दोन स्मरणपत्रं पाठवली, मंग कोर्टाची वसुलीची नोटीस ऑनलाइन फॉर्म भरून लावली, वकील न करता. पैसे आले. चुकारा झाला, म्हणजे विकलेल्या पिकाचे पैसे आले, की देतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासोबत असं करता येत नाही हे मला पण कळते, म्हणून यायच्या आधी कापसाच्या सीझनमध्ये बाजारातली उधारी वसूल करून घ्या. माणूस गावातून गेला की उधारी कोणाले आठवत नाही.

तिकडचं आवरताना बँकेत सांगून साधं खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या कमाईचं खातं, करून घ्या. वावर तुमच्या नावावर असेल तर ते ठेवता येते, वारसाने आलं तरी चालते, पण बाहेर स्थायिक झाल्यावर नवीन शेती विकत घेता येत नाही, म्हणून भावाचा हिस्सा घ्यायचा विचार असेल तर सातबाऱ्याचं काम आधी करा. पीक पाहणी आणि कर्जाच्या कागदांसाठी घरच्या कोणाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवा.

वहिनी आणि मुलीला पहिल्याच विमानात आणू नका. फॅमिली व्हिसाच्या वेळी तुमची कमाई आणि घराचा आकार पाहतात, दोन्ही हातात असले की काम लवकर होते. वहिनींना त्यावर इथं नोकरी करता येते, मुलीची सरकारी शाळा फुकट आहे. आणि म्युनिक वगैरे डोक्यातून काढा, भाड्यातच मराल, लाइपझिग, केमनित्स असं पाहा.

पोर्टफोलिओची पीडीएफ आणि वेगळं डिझाईन लावलेली दोन-तीन बिलं तयार झाली की मला पाठवा, कोटेशनचा माझा नमुना मी मराठीत करून देते.